घरचे कागद 'पेपरलेस' करताना तुमचं काय झालं?

माळ्यावरची_मनी: काल रंगकामासाठी माळा रिकामा केला, तर बाबांची बिलांची तार निघाली. खाली लाकडी चकती, वर आकडा, मधे ओवलेली लाइटबिलं. एकदम 2019 चा ऑगस्ट आठवला. सांगलीच्या घरात कमरेएवढं पाणी. ओसरल्यावर आईने खरेदीखताचं एकेक पान सोडवून, वर बाबांचं जुनं धोतर टाकून इस्त्री फिरवली होती. शिक्क्यांची शाई पसरून पानं जांभळी झालेली. त्या दिवाळीत मी स्कॅनिंगला बसले. आता सातबारा डिजिटल सहीचा 15 रुपयांत निघतो, लायसन्स डिजिलॉकरात आहे. पण स्कॅन झालेल्या कागदांच्या तीन गोण्या घरातच! तारेवरच्या बिलांमागे बाबांच्या पेन्सिलीतल्या दुधाच्या बेरजा आहेत, त्यामुळे हात धजत नाही. तुमचं कसं?

ठसकेबाज: धोतर टाकून इस्त्री 😄 काकूंना दंडवत.

उंटावरचा_शहाणा: फ्रिजची पावती. ती गुळगुळीत कागदाची, उन्हानं पुसट होते म्हणून मी हुशारी करून लॅमिनेट करायला दिली. दुकानदाराने मशीनमधून काढली ती काळीकुट्ट! त्या कागदाला उष्णता लागली की तो काळा पडतो म्हणे. आधी सांगायचं ना. लॅमिनेशनचे पैसे घेतलेच त्याने. वॉरंटी गेली ती गेलीच.

साखरभात: आई गावाहून कागदांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते. प्रत्येकात तिचा अंगठा असतोच. घरपट्टीच्या पावतीवर तर कणकेचा.

ठसकेबाज: @साखरभात, सहीशिक्क्याची प्रत म्हणायची ती

दोन_चमचे: बँकेची पीडीएफ उघडायला नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. खातं दोघांचं. नाव कुणाचं, आणि स्पेलिंग कुठलं, आधारवरचं की पॅनवरचं? अर्धा तास भांडलो. शेवटी प्रिंट काढून ठेवली. हसू नका.

नदीकाठ: सासऱ्यांच्या ट्रंकेत कागदी शेअर सापडले. एप्रिल 2019 पासून ते कागदावर दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, डिमॅटच (म्हणजे कागदाऐवजी ऑनलाइन खात्यात जमा) करावे लागतात. त्यासाठी सही जुळायला हवी. तीस वर्षांपूर्वीची ऐटदार सही आणि आताचा थरथरता हात. आठ महिने झाले, फेऱ्या चालूच. ज्यांच्याकडे असतील त्यांनी म्हातारी माणसं आहेत तोवर हे उरका, प्लीज.

माळ्यावरची_मनी: @नदीकाठ बाई गं. धीर धरा.

उंटावरचा_शहाणा: आमच्या आजीचा नोव्हेंबरातला हयातीचा दाखला! भांडी घासून अंगठा इतका झिजलाय की मशीन ओळखतच नाही. यंदा मोबाइलवर चेहरा दाखवून केला. ते म्हणतं डोळे मिचकवा, आजी म्हणते "या वयात कुणाला मिचकावू?"

ठसकेबाज: 🤣🤣 आजी रॉक्स

दोन_चमचे: माझा फोन पाण्यात पडला तेव्हा सगळे स्कॅन त्यातच होते. एवढंच लिहिते, कुकर लावलाय.

साखरभात: विषय सोडून, पण सांगली म्हटल्यावर... मने, तुझ्याकडे भडंगाची कृती आहे का? मसाला प्रत्येक वेळी जळतो माझा.

ठसकेबाज: +1. लसूण आधी तळून बाजूला काढत नाही का तू?

माळ्यावरची_मनी: रात्री देते. आत्ता गॅसची तपासणी करायला माणूस आलाय, निळं पुस्तक मागतोय. स्कॅन दाखवला तर म्हणे शिक्का कुठे मारू? 😐 बसलेय दुसरी गोणी उपसत.