डेनोसुमॅब (हाडांच्या ठिसूळपणावरचं इंजेक्शन) लांबलं तर? आणि ओपीजी (ऑस्टिओप्रोटेजेरिन) जनुकाचा काय संबंध?

निपाणीकर: खानापूरच्या जंगलभागातून बेळगावला येऊन दर ६ महिन्यांनी ६० मिग्रॅ. पावसात दोन महिने उशीर चालेल का?

औषधवाला_टिळकवाडी: नाही चालणार. ७ महिन्यांपुढे गेलं की दबलेल्या हाडखाऊ पेशी उसळतात, मणके पिचतात. बंदच करायचं तर त्याजागी झोलेड्रोनेटसारखं हाडांची झीज रोखणारं दुसरं औषध डॉक्टरांशी आधीच ठरवा.

जनुकवेडा: ८व्या गुणसूत्रावरच्या ओपीजी जनुकाचं प्रथिन रँक-लिगंडला (हाडखाऊ पेशींना चेतवणाऱ्या प्रथिनाला) अडकवतं; इंजेक्शनही तेच करतं. जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या तर लहानपणीच ज्युवेनाइल पॅजेट हा हाडांचा आजार होतो, हाडं वाकतात. म्हातारपणीच्या साध्या ठिसूळपणात मात्र ही जनुकचाचणी म्हणजे पैसे पाण्यात.

औषधवाला_टिळकवाडी: आणि हो, डोसआधी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) बघाच. किडनी खराब असेल तर कॅल्शियम एकदम घसरतं: तोंडाभोवती मुंग्या, हातापायांत पेटके.