नारोशंकराच्या देवळाच्या फोटोतून तारा, ताडपत्री आणि घाटावरचा माणूस कसा काढावा?

गोदाकाठ_२२
सोसायटीच्या दिनदर्शिकेसाठी नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाचा आडवा फोटो छापायचा आहे. आकार १८ × १२ इंच. फोटो रामकुंडाच्या बाजूने, सकाळच्या उन्हात, मोबाइलवर काढलेला आहे (४००० × ३०००). तीन गोष्टी नकोशा आहेत:
– शिखरावरून आडव्या गेलेल्या दोन तारा
– घंटेच्या छत्रीला चिकटून दिसणारी निळी ताडपत्री
– घाटाच्या पायरीवर उभा असलेला माणूस

मोबाइलच्या ॲपमध्ये हीलिंग (नकोसा भाग पुसून आजूबाजूसारखं भरणारं साधन) वापरून पाहिलं. आकाशातली तार गेली, पण शिखराची कड फासल्यासारखी झाली. माणूस पुसला तर पायऱ्या वाकड्या झाल्या. संगणकावर गिम्प (फोटो दुरुस्तीचं मोफत सॉफ्टवेअर) आहे, फोटोशॉप नाही. नेमकं कसं करावं?

पंचवटीकर
कड फासली जाण्याचं कारण आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. हील टूल पोत एका जागेवरून उचलतं आणि रंग-उजेड मात्र जिथे ब्रश फिरतो त्याच्या आजूबाजूचा घेतं. ब्रश एकाच वेळी काळ्या दगडाला आणि उजळ आकाशाला लागला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. त्यामुळे कडेजवळ क्लोन (एका जागेचे पिक्सेल जसेच्या तसे दुसरीकडे उमटवणारं टूल) आणि मोकळ्या पृष्ठभागावर हील, हे विसरू नका.

तारांसाठी असं करा. मूळ लेयरला हात न लावता वर एक रिकामा पारदर्शक लेयर (थर) घ्या, क्लोन टूलमध्ये ‘सॅम्पल मर्ज्ड’ चालू करा (म्हणजे नमुना सगळ्या थरांतून उचलला जातो) आणि अलाइनमेंट ‘अलाइन्ड’ ठेवा (म्हणजे नमुन्याची जागा ब्रशबरोबर सरकते). पाथ टूलने शिखराची बाह्यरेषा आखून तिचं सिलेक्शन करा, फेदर (कडेचा मऊपणा) फक्त १ पिक्सेल. आता ब्रश दगडाबाहेर जाऊच शकत नाही. आतलं काम झालं की कंट्रोल-आय दाबून सिलेक्शन उलटं करा आणि आकाश साफ करा. आकाशात ब्रश तारेच्या दुप्पट-तिप्पट जाड हवा. कंट्रोल धरून तारेच्या अगदी लगतचं आकाश निवडा, तारेच्या एका टोकाला क्लिक करा आणि शिफ्ट धरून दुसऱ्या टोकाला. सरळ पट्टा एका दमात भरतो. तारेला झोळ असेल तर तीन-चार तुकड्यांत करा. आकाश वरून खाली उजळत जातं, म्हणून नमुना लांबून उचलला तर पट्टा उठून दिसतो.

तारेखालच्या कोरीवकामाला मात्र वेळ द्यावा लागेल. डावी बाजू उलटी करून उजवीकडे चिकटवायचा मोह होतो, तो टाळा. सकाळचं ऊन एकाच बाजूने पडतं, त्यामुळे उलटवलेल्या तुकड्यातल्या सावल्या चुकीच्या दिशेला जातात. शिखरावरच्या लहान शिखरांची रचना एकावर एक पुन्हा पुन्हा येते. त्याच बाजूचा खालचा किंवा वरचा तसाच तुकडा कॉपी करा, स्केल टूलने थोडा लहान-मोठा करा आणि लेयर मास्कने (लेयरचा नको तो भाग झाकणाऱ्या मुखवट्याने) कडा मिसळवा.

एक सावधगिरी: गिम्पमध्ये रिकाम्या लेयरवर क्लोन चालतो, हील मात्र काही आवृत्त्यांत नीट चालत नाही, कारण तिथे हीलला त्याच लेयरवर खरे पिक्सेल लागतात. हील वापरायचं असेल तेव्हा ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ने (दिसतंय त्या सगळ्याचा एकच) नवा लेयर करून त्यावर वापरा.

लेयर_मास्क
माणसाबद्दल. तुम्ही एक माणूस म्हणताय, पण काढायच्या गोष्टी तीन आहेत: माणूस, पायऱ्यांवरची त्याची सावली आणि पाण्यातलं प्रतिबिंब. प्रतिबिंब राहिलं तर पाहणाऱ्याला काय खटकतंय ते सांगता येणार नाही, पण खटकेल नक्की.

पायऱ्यांसाठी रीसिंथेसायझर या गिम्पला वेगळ्या जोडायच्या प्लगिनचं ‘हील सिलेक्शन’ वापरा. माणूस आणि सावली थोडी जागा सोडून निवडा. नमुना कुठून घ्यायचा तिथे ‘साइड्स’ निवडा, म्हणजे फक्त डावी-उजवीकडची पायरी घेतली जाईल. सगळीकडून घेऊ दिलं की पाण्याचे तुकडे पायरीत येतात. प्लगिन तुमच्या आवृत्तीचंच हवं, गिम्प २.१० साठीचं गिम्प ३ मध्ये चालत नाही. त्यानंतर पायऱ्यांच्या कडा क्लोनने जुळवा. नमुना नेमका कडेवर उचलायचा आणि ब्रशही त्याच कडेवर टेकवायचा.

पाण्यात ब्रश फिरवत बसू नका. काठापासून तितक्याच अंतरावरची पाण्याची रुंद पट्टी कॉपी करून बाजूला सरकवा आणि मास्कने कडा मऊ करा. अंतर तेच हवं, कारण लाटा आपल्याकडे येताना मोठ्या दिसतात.

प्रिंटरूम
काम सुरू करायच्या आधी क्रॉप ठरवा. तुमचा फोटो ४:३ आहे, छपाई ३:२ मध्ये होणार. म्हणजे उंचीतले साधारण ३३३ पिक्सेल जाणारच. ते खालून कापता आले तर पाणी आणि प्रतिबिंबाचा बराच भाग आपोआप जाईल. उरतात ४००० × २६६७, म्हणजे १८ इंचांना इंचामागे सुमारे २२२ पिक्सेल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेला पुरेसे आहेत, फुगवायची गरज नाही. छापखान्याला ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी जादा कड) हवं असेल तर तेवढी कड धरूनच क्रॉप करा.

त्र्यंबकरोड
ट्रायपॉड असेल तर पुन्हा घाटावर जाणं जास्त सोपं. कॅमेरा न हलवता, एक्स्पोजर लॉक करून, १०-१५ सेकंदांच्या अंतराने १५-२० फोटो काढा आणि सगळ्यांचा मीडियन (प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत) घ्या. त्यासाठी इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरमध्ये ‘इव्हॅल्युएट-सीक्वेन्स मीडियन’ ही आज्ञा आहे. प्रत्येक जागा निम्म्याहून जास्त फोटोंत मोकळी असली की माणसं, सावल्या, प्रतिबिंबं सगळी एकदम जातात. पाणी मात्र गुळगुळीत दिसेल. तारा आणि ताडपत्री हलत नाहीत, त्यामुळे त्या राहणारच.

गोदाकाठ_२२
सर्वांचे आभार. तारा आणि माणूस छान निघाले. ताडपत्री मात्र काढली तरी छत्रीच्या दगडावर निळसर झाक राहतेय. आणि भरलेला भाग जरा जास्तच गुळगुळीत वाटतो.

पंचवटीकर
निळी झाक म्हणजे ताडपत्रीवरून दगडावर पडलेला उजेड, तो पुसून जाणार नाही. वर नवा लेयर घ्या, मोड ‘एचएसएल कलर’ ठेवा, शेजारच्या स्वच्छ दगडाचा रंग उचला आणि मऊ ब्रशने ३०-४० टक्के अपारदर्शकतेवर हलके हात फिरवा. पोत आणि सावल्या तशाच राहतात, फक्त रंग बदलतो.

गुळगुळीतपणा येतो कारण मोबाइलच्या फोटोत बारीक दाणे असतात आणि भरलेल्या तुकड्यात ते पुसले गेलेत. त्या तुकड्यालाच ‘आरजीबी नॉइज’ अगदी थोडा द्या, १०० टक्के झूमवर शेजारच्या दगडाशी ताडून.

छापायला देण्याआधी ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ची एक प्रत घ्या, तिच्यावर कर्व्ह्ज (उजेड-अंधाराचा फरक बदलणारं साधन) खूप तीव्र करा. आकाशातले राहिलेले पट्टे आणि डाग लगेच दिसतील. ते खालच्या लेयरवर दुरुस्त करा, ती प्रत काढून टाका. काम एक्ससीएफमध्ये (लेयर जपणाऱ्या गिम्पच्या फाइलमध्ये) जपा. जेपीईजी शेवटी एकदाच, ९५ च्या गुणवत्तेवर.