आईच्या हृदयाची झडप अरुंद आहे, मग कमरेतून भूल का नको?

आईची_लेक: आई 78 वर्षांची. परवा न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. उद्या ऑपरेशन. इकोत महाधमनीची झडप फार अरुंद निघाली: 0.8 चौरस सेंटीमीटर, मीन ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला सरासरी फरक) 46. भूलतज्ज्ञ म्हणतात, कमरेत इंजेक्शन नको, पूर्ण भूल देऊ. मला वाटायचं, हृदय नाजूक असेल तर कमरेतलीच बरी. आधी झडप बदलून घ्यायची का?

धातूची_झडप: माझी वॉरफरिन हर्नियाच्या ऑपरेशनआधी 5 दिवस बंद केली होती. आईला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आजच सांगा.

भूलतज्ज्ञ_22_वर्षं: ताई, तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. कमरेतल्या भुलेनं पायांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी एकदम उतरतं. धडधाकट हृदय जास्त रक्त ढकलून ते सावरतं. आईच्या झडपेतून ठरावीकच रक्त बाहेर पडतं, वाढवायचं कुठून? त्यात हृदयाचा स्नायू जाड झालेला. त्याला स्वतःचं रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधे, तेही बीपी टिकलं तर. म्हणून ठोके वाढू द्यायचे नाहीत, बीपी पडू द्यायचं नाही. थोडं थोडं औषध सोडत कमरेतून भूल देणारेही आहेत. पण पूर्ण भुलेतही बीपी पडतंच, म्हणून खरी मदार तयारीवर.

अशा पेशंटला मी झोपवण्याआधीच मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालतो. पडद्यावर प्रत्येक ठोक्याचं बीपी दिसतं. लाट जरा बुटकी झाली की नॉरअॅड्रेनालिन, म्हणजे बीपी चढवणारं औषध, वाढवायचं. पट्टीचं बीपी यायची वाट बघायची नाही. ही नळी घालणार का, आणि नंतर आयसीयूत ठेवणार का, हे दोन प्रश्न नक्की विचारा.

झडपेसाठी खुबा सहसा थांबवत नाहीत. अंथरुणात दिवस गेले की न्यूमोनिया, रक्ताच्या गाठी, शय्याव्रण मागे लागतात.

एक सांगा, आई घसरली की चक्कर आली?

आईची_लेक: आम्ही घसरली असंच धरून चाललो होतो. आत्ता विचारलं तर म्हणते, आधी डोळ्यांपुढे अंधारी आली, मग काही आठवत नाही.

भूलतज्ज्ञ_22_वर्षं: हे आज रात्रीच भूलतज्ज्ञांच्या कानावर घाला, सकाळची वाट बघू नका. झडपेमुळेच शुद्ध हरपली असण्याची शक्यता आहे. ऑपरेशन बहुतेक ठरल्याप्रमाणेच होईल, पण ते जास्त तयारीनं उभे राहतील. खुबा बरा झाला की झडपेसाठी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायचं राहू देऊ नका.