मराठी पानं ऐकायला एक्स्टेन्शन: आधी आवाज बघा, मगच पैसे भरा

गुहागरकर
बाबांना काचबिंदू आहे. वय ७३, निवृत्त शिक्षक. दहा मिनिटं स्क्रीनकडे बघितलं की डोळे दुखतात, म्हणून वेबपानं वाचून दाखवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घेतलं, वर्षाचे पैसे भरून. भाषांच्या यादीत मराठी नव्हतं, हिंदी होतं. देवनागरीच तर वाचायचंय, म्हटलं चालेल. नाही चालत. पहिल्याच लेखात 'आंबोळी'ची 'आंबोली' झाली, '२५ पेट्या'चं 'पच्चीस पेट्या'. जाळं, चूल, चांगला यांतले ज आणि च सगळे हिंदी. बाबांनी हेडफोन काढून ठेवला.

मग कळलं, बहुतेक एक्स्टेन्शन म्हणजे नुसतं बटण. आवाज एकतर आपल्या कॉम्प्युटरमधला असतो, नाहीतर नेटवरून येतो. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये वाचून दाखवायची सोय आधीपासून आहे, कंट्रोल-शिफ्ट-यू दाबलं की सुरू. त्यात आरोही आणि मनोहर हे दोन मराठी आवाज आहेत, फुकट. माझं स्पष्ट मत: मराठी आवाज स्वतःच्या कानांनी दहा मिनिटं ऐकल्याशिवाय कुठल्याही एक्स्टेन्शनला पैसे देऊ नका.

मालवणातून
पैशांचं पटलं, बाकीचं नाही. मी जन्मांध आहे, रोजचं काम एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर करतो. तोही फुकट आहे. त्यात ई-स्पीक या मजकुराचा आवाज करणाऱ्या सॉफ्टवेअरचा मराठी आवाज येतो. यंत्रासारखा आहे, खरं. पण नेट लागत नाही. तुमचे आरोही-मनोहर नेट गेलं की गप्प. जून ते सप्टेंबर आमच्याकडे वारा सुटला की आधी लाइट जाते, मागोमाग रेंज. चार महिने जो आवाज भरवशाचा नाही तो गोड असून काय उपयोग? शिवाय ई-स्पीक कितीही वेगात लावला तरी शब्द तुटत नाहीत. बातमीचं पान मी दोन मिनिटांत संपवतो.

गुहागरकर
तुमचा कान त्या आवाजावर तयार झालाय. बाबांची नजर सत्तरीत अधू झाली. त्यांना वेग नकोय, शेजारी बसून कोणीतरी वाचतंय असं वाटायला हवंय. नेटचा मुद्दा मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

वेंगुर्ल्याची काजूबाग
माका लॅपटॉपचा काय सांगू नका, आमका फोनच आसा. बागेत काम करताना काजूवरच्या किडीची माहिती कानात ऐकायची असते, तेवढीच माझी गरज. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसत नाही, फायरफॉक्समध्ये बसतं. हे कोणी आधी सांगितलं असतं तर एक अख्खा दिवस वाचला असता.

रत्नागिरी, बँकेत नोकरी
आवाजावर भांडताय, परवानगी कोणी वाचली का? अशी बरीच एक्स्टेन्शन बसवताना 'सर्व संकेतस्थळांवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' असा अधिकार मागतात. पान वाचून दाखवायचं तर मजकूर बघावा लागणारच, पण त्याच ब्राउझरमध्ये बाबांच्या पेन्शनचं खातं उघडलं जातं. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये 'क्लिक केल्यावरच' हा पर्याय आहे, तो आजच लावा. मजकूर नेटवरून आवाज होऊन येत असेल तर तो आधी दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलेला असतो, हेही लक्षात असू द्या. माझ्या मते ज्येष्ठांच्या कॉम्प्युटरवर बाहेरचं एक्स्टेन्शन नकोच. ब्राउझरची आतली सोय वापरा, बँकेचं काम दुसऱ्या ब्राउझरमध्ये करा.

दापोलीचा वाचक
एक राहिलं. जुन्या, युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली परिपत्रकं आणि अंक कुठलाच आवाज वाचू शकत नाही. डोळ्यांना मराठी दिसतं, आत इंग्रजी अक्षरांचा काला असतो. त्या पानातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी दिसली नाही तर दोष एक्स्टेन्शनचा नाही.

मालवणातून
हा दापोलीचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. सरकारी पीडीएफपुढे मी अजूनही अडतो.
गुहागरकर, बाबांना एकदा ई-स्पीक ऐकवा. वेग अगदी कमी ठेवा आणि रोज थोडं थोडं. मलाही पहिले काही आठवडे जड गेलं होतं.

गुहागरकर
ऐकवलं. काल संध्याकाळी लाइट आणि नेट दोन्ही गेलं होतं, लॅपटॉप बॅटरीवर होता. बाबांनी पाच मिनिटं ऐकलं आणि बंद करायला सांगितलं. म्हणाले, नेट येईपर्यंत तूच वाच. माझं मत कायम आहे, पण ई-स्पीक काढलेला नाही. आठवडाभर रोज पाच मिनिटं लावून बघतो.