ज्यांनी विश्वासाने गेम पाठवला, त्यांचंच रेटिंग माझ्या चॅटने पाडलं. आता काय करू?

मिरजेचा_गडी

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय. सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी मिरजेचा. दिवसभर बाबांबरोबर दुकानात तंबोरे-सतारींचं काम करतो आणि रात्री साडेनऊला जेवण उरकून माडीवर गेम खेळत लाइव्ह स्ट्रीम लावतो. चॅनलला तीन वर्षं झाली, सबस्क्रायबर ३,४०० आहेत आणि लाइव्हला रोज पन्नास-साठ जण असतात. आकडा लहान आहे, पण माणसं ठरलेली आहेत. चिपळूणच्या एक ताई रात्रपाळीतून वेळ काढून येतात. धाराशिवचा एक पोरगा डेटा वाचवायला सगळ्यात खालच्या क्वालिटीवर बघतो आणि तरीही शत्रू कुठल्या खिडकीत आहे ते माझ्याआधी सांगतो. चार दिवस बीजीएमआयच्या (पब्जी मोबाइलचं भारतातलं रूप) रूम्स, म्हणजे आपसातले सामने, आणि शुक्रवारी पीसीवर एखादा छोटा गेम, असा शिरस्ता आहे.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या दोघांनी मला मेल केला. दोघांचीच टीम, त्यातला एकजण नोकरी सांभाळून काम करतो. कोकणातल्या जुन्या वाड्यात घडणारा कोड्यांचा गेम. ‘तुम्ही मराठीत खेळता म्हणून तुम्हाला पाठवतोय’ असं लिहून रिलीजच्या आठ दिवस आधी स्टीमची (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) की, म्हणजे गेम फुकट उघडायचा कोड, दिली होती. मला फार बरं वाटलं. आजवर मला कुणी आपणहून गेम पाठवला नव्हता.

मी मात्र आधी उघडून बघितला नाही. रिलीजच्या संध्याकाळी थेट लाइव्हच लावला. पहिल्या दोन पातळ्या सुंदर गेल्या. तिसऱ्या पातळीत विहिरीवर रहाट आहे. तो इतक्या वेगाने फिरत होता की त्याच्या पोहऱ्यावर उडी जमेना. मला वाटलं, मुद्दामच अवघड ठेवलंय. वीस-बावीस वेळा पडलो. शेवटी पोहऱ्याने पात्राला असा धक्का दिला की ते विहिरीच्या भिंतीच्या आत जाऊन अडकलं, आणि गेमने नेमकं त्याच क्षणी ऑटोसेव्ह केलं. बंद करून पुन्हा उघडला तरी भिंतीतच. एक तास चाळीस मिनिटांचा खेळ गेला.

चॅट हसत होतं, मला घाम फुटला होता. मी बोललो, ‘असला अर्धवट गेम विकायला काढताना लाज कशी वाटत नाही?’ अगदी याच शब्दांत.

कुणीतरी त्याची ४१ सेकंदांची क्लिप कापून शॉर्ट म्हणून टाकली. ती माझ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त चालली. दुसऱ्या दिवशी स्टीमवर बघितलं तर गेमला चार चांगले रिव्ह्यू आणि अकरा वाईट. अकरांतली सात नावं माझ्या चॅटमधली. एकाने लिहिलं होतं, ‘दादाचा वेळ वाया घालवला, रिफंड घेतला.’ स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. रिव्ह्यू मात्र तिथेच राहतो.

तिसऱ्या दिवशी त्या दोघांचा मेल आला. शिवी नाही, तक्रारही नाही. त्यांनी माझं रेकॉर्डिंग फ्रेम थांबवून थांबवून बघितलं होतं. रहाटाचा वेग त्यांनी फ्रेमवर, म्हणजे पडद्यावर सेकंदाला किती चित्रं बदलतात त्यावर, बांधला होता. दोघांचेही मॉनिटर ६० हर्ट्झचे (सेकंदाला ६० चित्रं), माझा १४४ चा. म्हणजे माझ्याकडे रहाट जवळजवळ अडीचपट वेगाने फिरत होता. दुरुस्ती करून पॅच टाकलाही होता. शेवटी एकच ओळ: ‘रात्री फोन केला असता तरी उचलला असता.’ पहिल्या मेलमध्ये खाली नंबर दिलेला होता. मी तिथपर्यंत वाचलंच नव्हतं.

पुतण्याने ती क्लिप बाबांना दाखवली. बाबा तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘आधी त्या पोरांना दाखवलंस का?’ आमच्याकडे तंबोरा बिघडला तर गिऱ्हाईक तो घेऊन दुकानात येतं. बाबा त्याला समोर बसवून, तारेखाली दोरा सरकवत, त्याच्या कानाला पटेपर्यंत जवारी काढून देतात. मी यातच वाढलोय, म्हणून ते जास्त लागलं.

आता चॅटमध्ये माफी मागितली की काहीजण म्हणणार, ‘विकला गेलास.’ गप्प बसलो तर त्या दोघांचं नुकसान होतच राहणार. प्रेक्षकांनी माझ्यासाठी केलं ते चुकीचं होतं, हे त्यांना कसं सांगू?

---

कोरी_पाटी

क्लिप डिलीट करून टाक. चार दिवसांत लोक विसरतात. एवढा विचार करू नकोस.

---

बगवाला_बाणेर

डिलीट अजिबात करू नकोस. ती आतापर्यंत दहा ठिकाणी गेली असेल. मूळ काढलीस तर तुझी बाजू सांगायची जागाच उरणार नाही.

मी पुण्यात मोबाइल गेमवर काम करतो. तू म्हणतोस तो गेम माझा नाही आणि ते दोघे माझ्या ओळखीचेही नाहीत, पण त्यांचा आठवडा कसा गेला असेल ते मला कळतं. छोट्या टीमसाठी पहिले दहा रिव्ह्यू म्हणजे सर्वस्व. दहा होईपर्यंत स्टीम ‘सकारात्मक’, ‘संमिश्र’ असं लेबलच लावत नाही. त्यांचं पहिलंच लेबल ‘बहुतांशी नकारात्मक’ असं लागलं असणार, कारण पंधरापैकी चारच चांगले. गेमच्या पानावर येणारा माणूस आधी तेच वाचतो.

आता बगबद्दल. चूक त्यांचीच आहे, हे स्पष्ट म्हणतो. वेग फ्रेमवर बांधायचा नसतो, तो वेळेवर बांधायचा असतो, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. पण दोघांच्या टीमकडे दहा प्रकारचे मॉनिटर नसतात. मोठ्या स्टुडिओत वेगळी टेस्टिंग टीम असते. यांच्यासाठी ती टीम म्हणजे तू होतास. आठ दिवस आधी की देतात ती त्याचसाठी. नुसत्या जाहिरातीसाठी नव्हे.

आणि हेही ध्यानात घे की तुमच्यासारख्यांमुळे गेम जगतातही. ‘अमंग अस’ २०१८ मध्ये आला तेव्हा फारसं कुणी विचारत नव्हतं. तीन माणसांची टीम होती. २०२० मध्ये स्ट्रीमरांनी उचलला आणि जगभर पसरला, इतका की त्यांनी दुसऱ्या भागाचं काम थांबवून जुन्यालाच सुधारायला घेतलं. उलटही घडलंय. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा एका बापाने आपल्या आजारी मुलावर केलेला गेम. २०१६ मध्ये तो लाखोंनी यूट्यूबवर पूर्ण बघितला, आणि बघितल्यावर विकत घ्यायची गरजच वाटली नाही. बनवणाऱ्यांनी त्यावर जाहीर लिहिलं होतं. म्हणजे तुझ्या हातात काय आहे ते ओळख. साठ प्रेक्षक असले तरी.

तीच पातळी पॅच टाकून पुन्हा लाइव्ह खेळ. कुठल्या मिनिटाला काय झालं, मॉनिटर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं, एवढं त्यांना लिहून दे. तू स्वतः चांगला रिव्ह्यू लिहिलास तरी तुझी की फुकटची, त्यामुळे तो स्कोअरमध्ये धरत नाहीत. विकत घेणाऱ्यांचेच धरतात. त्या वाटेला जाऊच नकोस.

---

रात्रपाळी_चिपळूण

दादा, मी ती चिपळूणची. त्या सातांत मीही आहे.

खरं सांगते, गेम मी विकत घेतला, सात-आठ मिनिटं चालवला, विहिरीपर्यंत गेलेही नाही आणि लिहिलं, ‘बेकार, पैसे वाया.’ त्या रात्री वॉर्डात तीन ॲडमिशन झाल्या होत्या. पहाटे पावणेपाचला चहा घेताना तुमची क्लिप बघितली, तुमचा चेहरा बघितला आणि डोकं फिरलं. आम्ही तुम्हाला रोज बघतो. तुमच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर आम्हाला ऐकू येते. तुमच्या आईने मागून हाक मारली की चॅटमध्ये आम्ही ‘जा, जेवून या’ लिहितो. एवढं जवळचं माणूस चिडलेलं बघितलं की समोरचा कोण आहे ते आपण बघतच नाही. त्या बाजूलाही दोन माणसं जागी बसली असतील, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मला तर वाटलं होतं कुठली तरी मोठी कंपनी असेल.

तुम्ही विचारलंत, कसं सांगू? जसं इथे लिहिलंत तसंच सांगा. आणि एक मनापासून मागते. पुढच्या वेळी गेम सुरू करताना आधी सांगा, हा कुणी केलाय, किती जणांनी केलाय, तुम्हाला कसा मिळाला. आम्हाला ते माहीतच नसतं.

रिव्ह्यू मी बदलणार आहे, पण खेळून झाल्यावर. शनिवारी सुट्टी आहे.

---

जुना_स्क्वॉड_जळगाव

भावा, मी २०१९ ते २०२२ चॅनल चालवलं, आता बंद आहे. ताईंचं बरोबर आहे. बाणेरवाल्याशी मात्र एका ठिकाणी माझं पटत नाही. ‘यांच्यासाठी ती टीम तू होतास’ हे मला मान्य नाही. स्ट्रीमर कुणाचा बिनपगारी टेस्टर नसतो. ज्या माणसाने ४५० रुपये खर्च करायचेत, त्याला १४४ हर्ट्झवर गेम अडकतो हे कळायलाच हवं, आणि रिलीजच्याच दिवशी कळायला हवं. तू बग दाखवलास यात काहीही चूक नाही. चूक ‘लाज’ या शब्दाची होती. दोन गोष्टी वेगळ्या ठेव, नाहीतर माफी मागताना तू बगचीही माफी मागशील आणि तिथेच लोक तुला विकलेला म्हणतील.

की फुकट मिळाली हे स्क्रीनवर लिहून ठेव, तोंडानेही सांग. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शन काढलं, त्यात पैशांसारखीच फुकट मिळालेली वस्तूही उघड करायला सांगितली आहे. नियम बाजूला ठेवला तरी प्रेक्षकाचा विश्वास तिथेच बसतो.

रिव्ह्यू बदला असं चॅटला कधीही सांगू नकोस. वाईट लिहा हे तू सांगितलं नव्हतंस, मग चांगलं लिहा हेही सांगायचं नाही. ज्याला वाटेल तो बदलेल.

मला हे इतक्या कळकळीने लिहावंसं वाटतं त्याचं कारण आहे. २ सप्टेंबर २०२० ला पब्जी मोबाइलवर बंदी आली तेव्हा माझ्या चॅनलवर दुसरं काहीच नव्हतं. २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, परत उभा राहिलो. २८ जुलै २०२२ ला तोही स्टोअरवरून गेला. २०२३ च्या मे महिन्यात परत आला तेव्हा मी एका गोदामात हिशेबाला लागलो होतो. त्या मधल्या महिन्यांत नऊ जण रोज रात्री माझ्या लाइव्हला येत होते. मी त्यांना लुडो खेळून दाखवत होतो. तेव्हा मला कळलं की ती माणसं गेमसाठी येत नव्हती. आणि गेम बनवणारा कुणी मला ओळखत नव्हता, मीही त्यांच्यातल्या कुणाला नाही. तुला दोघांनी नावाने मेल केलाय, खाली नंबर दिलाय. भावा, आधी फोन लाव.

---

मिरजेचा_गडी

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही, मग त्यांचाच आला. मी माफी मागितली, ‘लाज’ या शब्दाची. ते म्हणाले, विहिरीचा बग तुमच्यामुळे सापडला, आमच्याकडे तो कधीच दिसला नसता. मग पाऊण तास रहाटावरच बोललो. तो त्यांनी एकाच्या आजोळच्या विहिरीवरून काढलाय, पोहऱ्याचे फोटो मला पाठवले.

काल रात्री तिसरी पातळी परत खेळलो. सुरुवातीलाच गेम कुणी केला, किती जणांनी केला, की फुकट मिळाली हे सांगितलं, आणि कोपऱ्यात लिहूनही ठेवलं. जळगावच्या दादांचं ऐकून दोन्ही गोष्टी वेगळ्या सांगितल्या: बग होता, दाखवला, पुन्हाही दाखवेन, जे बोललो ते चुकीचं होतं. दोघांनी ‘किती मिळाले?’ लिहिलं. चॅट सांभाळणाऱ्या मॉडने त्यांना हाकलायला घेतलं, मी म्हटलं राहू दे, आणि उत्तर दिलं. एक गेम मिळाला, ४५० रुपयांचा.

रहाट आता सावकाश फिरतो. पोहऱ्यातलं पाणी कडेने गळताना दिसतं, ते मला पहिल्यांदा दिसलंच नव्हतं. धाराशिवचा पोरगा म्हणाला, ‘दादा, परत भिंतीत घुसून दाखव की.’ दहा मिनिटं प्रयत्न केला, घुसता आलं नाही. देवघराच्या खोलीत मात्र घंटा एकदा वाजवली की आवाज दोनदा येतो. तो मिनिट आणि सेकंदासकट वहीत लिहून घेतला. चॅटमध्ये सांगितलं, आज रात्रीच मेल करतो.

स्टीमवर तिघांनी आपणहून रिव्ह्यू बदललेत, त्यात ताई आहेत. लेबल आता ‘संमिश्र’ झालंय. उरलेल्या आठांत चौघं माझ्या ओळखीचे आहेत, रोज चॅटला असतात, कालही होते. त्यांना मी काही म्हटलेलं नाही.

पुढच्या शुक्रवारी चौथी पातळी, साडेनऊला.