मुंबईहून रेल्वेने किंवा लाँचने जाऊन पायी फिरण्याजोगे किनारे, डोंगर आणि दऱ्या: सल्ला हवा आहे

मुलुंडकर:
नमस्कार. आम्ही उभयतांनी पन्नाशी ओलांडली आहे. रोज सकाळी सहा-सात किलोमीटर चालतो, परंतु ते सारे सपाट रस्त्यावरचे. थंडीतले चार-पाच रविवार मोकळे ठेवून मुंबईभोवतीचा मुलूख पायी पाहावा, आणि तेच ते न पाहता समुद्रकाठ, डोंगर, दरी असे सगळेच थोडे थोडे पदरात पडावे, असा विचार आहे. स्वतःची गाडी नाही. दोर लावून चढण्याच्या जागा कृपया सुचवू नयेत. पत्नीचा उजवा गुडघा उतरताना कुरकुरतो, हेही ध्यानात घ्यावे.

वाटसरू:
सुरुवात बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून करावी. प्रवेशद्वारापासून कान्हेरीपर्यंतचा रस्ता झाडीतून हळूहळू चढतो आणि परतताना वाहनाची सोय असल्यामुळे गुडघ्याला उतार टाळता येतो. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे बौद्ध भिक्षूंचे प्रार्थनेचे दालन, पाहून मागे फिरतात. आपण तसे करू नये. वरच्या अंगाला जाऊन कातळात खोदलेल्या पन्हळी पाहाव्यात. डोंगरावर पडलेले पाणी या पन्हळींतून लेण्यालेण्यापाशी खोदलेल्या टाक्यांत उतरते. या टाक्यांना तेथील ब्राह्मी लेखांत ‘पोढी’ म्हटले आहे, आणि दान देणाऱ्यांत कल्याण, सोपारा या बंदरांतली माणसे आहेत. सोमवारी उद्यान बंद असते.

शिवडीकर:
किनाऱ्यासाठी दोन जागा सुचवतो. मालाडजवळच्या मार्वेहून तरीने मनोरीला उतरावे आणि गोराईवरून उत्तनपर्यंत चालत जावे. सावकाश गेल्यास अर्धा दिवस पुरतो, आणि उत्तनहून भाईंदर स्थानकाला बस मिळते. वाटेत दगडी क्रूस, जुनी गावठाणे आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांडी दिसतात. जवळ जाऊन पाहिल्यास दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूवर टाकलेली आढळेल. वासाची मात्र तयारी ठेवावी.

दुसरी जागा अलिबागचा कुलाबा किल्ला. ओहोटीला तेथे वाळूतून आणि खडकांतून चालत जाता येते. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे आदळणाऱ्या लाटेचा जोर फटींत जिरतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा या तटाशी बोलत बसण्याच्या नादात पाणी परत फिरल्याचे समजलेच नाही आणि मांडीएवढ्या पाण्यातून चपला हातात धरून यावे लागले. दोष सर्वस्वी माझा होता. घोडागाडीवाला तासभर आधीच हाका मारून गेला होता.

भिवपुरी लोकल:
दरी पाहायची तर उल्हास नदीची, आणि ती राजमाची किल्ल्यावरून. यासाठी रविवारला शनिवार जोडावा लागेल. पुष्कळजण लोणावळ्याहून जाऊन कर्जतकडे उतरतात. आपण नेमके उलट करावे, कारण दुखरा गुडघा चढण सोसतो, उतरण सोसत नाही. कर्जतहून रिक्षाने कोंदिवड्याला जावे आणि तेथून चढावे. वाटेत रानात कोंडाणे लेणी लागतात. लाकडी इमारतीच्या तुळया, जाळ्या आणि सज्जे कारागिरांनी दगडात जसेच्या तसे उतरवले आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात, डाव्या हाताला, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मीत एक ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. इतक्या मोठ्या कामाखाली कारागिराने एवढेच लिहावे, याचे मला दर वेळी नवल वाटते.

पुढची चढण खडी आहे. तीन तास धरावेत. मुक्काम उधेवाडीत करावा, पिठले-भाकरी गावातच मिळते. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांपैकी मनरंजन बुटका असल्याने तोच करावा. त्याच्या माथ्यावरून संपूर्ण दरी आणि पलीकडच्या कड्याला चिकटून जाणारा बोरघाटाचा लोहमार्ग दिसतो. दुसऱ्या दिवशी लोणावळ्यापर्यंत सुमारे पंधरा किलोमीटर जवळजवळ सपाट कच्चा रस्ता आहे.

मुलुंडकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. राजमाचीचा क्रम उलटा करण्याचे आम्हाला सुचलेच नसते. शिवडीकर, ओहोटीची वेळ घरबसल्या कशी काढावी?

शिवडीकर:
भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. पक्षातल्या तिथीची पाऊणपट करावी. येईल तो आकडा म्हणजे भरतीची ढोबळ वेळ, आणि तीत सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थीला तिनाच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी सव्वानऊला ओहोटी. पंचमीला पावणेचार आणि दहा. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते खरी, पण तेव्हा भांगाची, म्हणजे कमी जोराची, भरती असल्याने पाणी पुरेसे मागे हटत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला ते सर्वांत लांब जाते, परंतु ती वेळ पहाटे किंवा संध्याकाळी साडेपाच-सहाची असते आणि अंधारात तेथे थांबू नये. तेव्हा चतुर्थी किंवा पंचमीला येणारा रविवार निवडावा. गेटवेहून पहिली लाँच घ्यावी. मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस बहुधा तिकिटातच धरलेली असते. निघण्यापूर्वी एकदा भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पडताळावे, आणि घोडागाडीवाल्याने हाक मारली की उठावे.