पडका वाडा अभ्यासिकेसाठी घ्यायचाय, वारस सात आणि सगळे बाहेरगावी. कागद कसा करावा?

दारव्हेकरीण

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावची सरपंच. गावाचं नाव मुद्दामच देत नाही, वाड्याचे वारस इथंही वाचत असतील.

मागच्या उन्हाळ्यात बचत गटाच्या आम्ही चौघी-पाचजणींनी गावातली कुलपं मोजली. खरंच मोजली, आळीवार, वही घेऊन. २१४ घरांत ३७ कुलपं. त्यातली अकरा अशी की दाराला कुलूप आहे आणि बाजूला भिंतच नाही. कोणी पुण्याला गेलं, कोणी बुटीबोरीला, कोणाचं पोरगं नागपूरला शिकायला ठेवलं आणि मागोमाग बिऱ्हाडही गेलं. म्हातारे होते तोवर पोतारा लागत होता. ते गेले आणि घरं बसत गेली.

माझा प्रश्न त्यातल्या एका वाड्याचा. गावाच्या मधोमध, मारुतीच्या पाराला लागून. दिंडी दरवाजा, चौदा सागवानी खांब, मागं विहीर. मागचे कवेलू (छपराची कौलं) पार गेले, पण पुढची ओसरी आणि माजघर अजून ठणठणीत. दोन वर्षांपूर्वी पोळ्याला, तोरणाखाली बैल उभे असताना, या वाड्याची रस्त्याकडची भिंत भसकन खाली बसली. एका बैलाच्या शिंगाचा बेगड गेला, बाकी कोणाला खरचटलं नाही. पण पाच मिनिटं आधी तिथं भिंतीला पाठ लावून पोट्टे उभे होते. त्या रात्री मला झोप नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे की पुढचा भाग नीट करून तिथं अभ्यासिका काढावी. गावात पोलीस भरतीची तयारी करणारी नऊ पोरं आणि चार पोरी आहेत. पोरं मंदिरात बसून वाचतात. पोरींनी कुठं बसावं? शिवाय ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, वह्या अध्यक्षाबाईच्या घरी धान्याच्या कोठीवर असतात, दोन वह्या उंदरांनी खाल्ल्या.

नमुना ८ ला वाडा अजून आबाजींच्याच नावावर. ते १९९१ ला वारले, मुलंही गेली, आता नातू सात. सहाजण फोनवर "हाव ताई, चांगलं काम आहे" म्हणतात आणि कागदाचं नाव काढलं की "दिवाळीत आलो की पाहू". सातवा फोनच उचलत नाही. एकानं तोंडावर सांगितलं, "आज अभ्यासिका म्हणता, उद्या कोणी कब्जा केला त आम्ही कुठं जाऊ?" त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आमच्याच गावात एकानं गुरं बांधायला म्हणून मागून घेतलेली जागा आता त्याचीच झाली आहे.

विकत घ्यायला पैसे नाहीत. पाच-सात वर्षं वापरायला घ्यायचा आहे. कागद कोणता करावा, कोणाच्या नावानं? वित्त आयोगाच्या निधीतून भिंत बांधता येते का? आमचे ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण जीभ वळत नाही) म्हणतात, खासगी जागेवर रुपया टाकला की ऑडिटला मीच सापडतो. विदर्भात कोणी केलं असेल तर सांगा. कोकणातले दाखले नकोत, तिकडं पर्यटक येतात. आमच्याकडं एसटीच दिवसातून दोनदा येते.

वकिली_झोळा

ग्रामसेवक बरोबर घाबरतात. जागा ग्रामपंचायतीची नसताना तिथं सरकारी पैशाची भिंत उभी केली की आक्षेप येणारच. भिंत आणि छप्पर लोकवर्गणीतून करा. टेबलं, खुर्च्या, पुस्तकं, म्हणजे जे उद्या उचलून दुसरीकडं नेता येतं, तेवढंच पंचायतीकडून घ्या.

नमुना ८ म्हणजे घरपट्टीची नोंद, तो मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेची मोजणी तुमच्या गावात झाली का? २४ एप्रिल २०२० ला ती योजना सुरू झाली, ड्रोननं गावठाण मोजून घराघराची मिळकत पत्रिका करायची म्हणून. झाली असेल तर भूमी अभिलेखला जाऊन वाड्याचा नकाशा आधी पाहा. ड्रोन उडण्याआधी चुन्यानं हद्दी आखतात. तुमच्या वाड्याच्या वतीनं तेव्हा कोण उभं होतं? बंद घराची हद्द बहुतेक शेजारीच सांगतो, आणि शेजाऱ्याची आठवण नेहमी स्वतःच्या बाजूनं वळते.

आता "नातू सात" याबद्दल. ताई, आबाजींना मुली नव्हत्या का? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंच मुलीला बापाच्या वाट्यात हिस्सा दिला होता. फक्त राहत्या घराची वाटणी तिला स्वतःहून मागता येत नसे, भावांनी वाटणी करेपर्यंत थांबावं लागे. ते कलम २३ सुद्धा २००५ च्या दुरुस्तीत गेलं. त्या आत्यांच्या किंवा त्यांच्या मुलाबाळांच्या सह्या नसतील तर सातही नातवांच्या सह्या घेऊन तुम्ही अर्धाच कागद केलात.

कब्जाची भीती वाटते त्या नातवाला एवढंच समजावा: मुदत कायद्यातली बारा वर्षांची जी गोष्ट लोक सांगतात, ती मालकाला न जुमानता ठेवलेल्या ताब्याची आहे. मालकाच्या परवानगीनं वापरलेली जागा कितीही वर्षं वापरली तरी आपसूक वापरणाऱ्याची होत नाही. गोम अशी की परवानगी कागदावर हवी. गुरांच्या जागेचं तुमच्याकडं जे झालं, ते तोंडी कारभारामुळं झालं असणार. वर्षाच्या वरचा भाडेपट्टा असेल तर नोंदणी लागतेच. साधी वापर-परवानगी असली तरी नोंदवून घ्या, वारसांचा धीर वाढतो. बाहेरगावच्यांना येणं जमत नसेल तर एकाच्या नावे मुखत्यारपत्र करू द्या.

चाकणवासी

मी कुलूप लावून गेलेल्यांपैकी एक, म्हणून त्या बाजूनं लिहितो. गाव आर्वी तालुक्यात. पंधरा वर्षं झाली चाकणला.

आमच्या घराबद्दल गावातून पहिलं जे आलं ते नोटीस होती. घर धोकादायक आहे, पंधरा दिवसांत पाडून घ्या. नियमानं बरोबरच असेल. पण आईनं तो कागद वाचला आणि दोन दिवस जेवली नाही. त्या घरात ती नवरी म्हणून आली होती. मी चिडून दोन वर्षं गावात फोन केला नाही, घरपट्टीही थकवली.

मग सरपंच बदलला. नव्याचा फोन आला तो असा: "भाऊ, तुमच्या परसातला गोडनिंब लय फुटला, गावातल्या बाया पाला तोडून नेतात, चालते न?" फोन स्पीकरवर होता, आई हसली. पुढचे तीन महिने त्यानं घराचा विषय काढलाच नाही. अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरायला आम्ही गावी गेलो, तर अंगण झाडलेलं होतं. तिथं आईच म्हणाली, बायांना बसायला जागा नसेल तर बसू द्या.

अटी आमच्या तीन. देवघराची खोली कुलपात राहील आणि किल्ली आमच्याकडं. दारावर बाबांचं नाव राहील. घरात लग्न निघालं तर पंधरा दिवस जागा रिकामी मिळेल. आता तिथं शिवणाच्या सहा मशिनी आहेत. भांडण झालंच नाही असं नाही. जुनं मीटर आजोबांच्या नावावर, थकबाकी त्यांच्या काळापासूनची, ती कोणी भरायची यावर आठ महिने गेले. शेवटी निम्मी आम्ही, निम्मी त्यांनी. ताई, मीटरचं आधीच बोलून घ्या.

पेनगंगाकाठ

सगळ्यांना अभ्यासिकाच का सुचते? आमच्याकडं एक निघाली, उद्घाटनाला चारशे लोक आणि चौथ्या महिन्यात किल्ली कोणाकडं आहे तेच कोणाला माहीत नाही. बांधायला सगळे येतात. ट्यूबलाइट गेली की कोण बदलणार, ते नाव आधी लिहा.

दुसरं, ३७ पैकी जी अकरा नुसती ढिगारे आहेत त्यांच्याकडं पाहा. गावात घरकुल मंजूर होऊन जागा नाही म्हणून अडलेले असतीलच. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसहाय्य योजना आहे, ५०० चौरस फुटांपर्यंत. आधी ५० हजार मिळत, आता १ लाखापर्यंत. ढिगाऱ्याचा मालक विकायला लवकर तयार होतो, वाड्याचा होत नाही.

आणि विदर्भातला दाखला मागितलात म्हणून. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). त्यांचा प्रश्न वाड्यांचा नव्हता, जंगलाचा होता. २००९ ला सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. पण तिथली घ्यायची गोष्ट वेगळीच आहे, ग्रामसभेत निर्णय बहुमतानं करत नाहीत, सगळ्यांचं जुळेपर्यंत थांबतात. तुमचा सातवा नातू फोन उचलत नाही तर "सहा विरुद्ध एक" करून पुढं जाऊ नका. तोच उद्या कोर्टात जाईल.

कवेलू

मी मिस्त्री, दिग्रसकडचा. कायद्याचं मला कळत नाही, भिंतीचं सांगतो.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारू नका. दिसायला गुळगुळीत दिसते, पण आतली ओल बाहेर निघत नाही, दोन पावसाळ्यांत भिंत फुगते आणि पापुद्र्यासारखी सुटते. तुमची पोळ्याची भिंत अशीच गेली असेल तर नवल नाही, खाली कोणीतरी सिमेंटचा पट्टा मारलेला असतो. पांढरी माती, भुसा, शेण, वरून चुना. हात येणाऱ्या म्हाताऱ्या बाया गावात असतील, त्यांना मजुरी देऊन बोलवा.

पैसे कमी असतील तर सगळे आधी छपरात घाला. मृगाआधी कवेलू फेरून झाले पाहिजेत. खांब वरून चकाकतात, त्याला भुलू नका. तळाशी, दगडाच्या बैठकीपाशी, कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकून पाहा. भद्द वाजला तर आत उधई (वाळवी). मागच्या पडक्या भागातलं सागवान आत्ताच मोजून यादीत लिहा आणि वारसांच्या ग्रुपवर फोटो टाका. वाडा उघडला की लाकडाला पाय फुटतात, मग नाव सरपंचाचं निघते.

आणि जुन्या वाड्यात पेव असते, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. ओसरीत किंवा अंगणात. पोरं बसवायच्या आधी जमीन ठोकून घ्या.

दारव्हेकरीण

उशीर झाला लिहायला, सोयाबीन सोंगणीत होतो.

वकील भाऊंनी आत्यांचं विचारलं आणि मी स्वतः बाई असून मला ते सुचलं नव्हतं, याची लाज वाटली. आबाजींना दोन मुली. एक वारली, तिचा मुलगा आदिलाबादला असतो. दुसऱ्या आत्याबाई वणीला, वय ऐंशीच्या आसपास. अध्यक्षाबाईला घेऊन एसटीनं गेले. बाईंनी चहा दिला, कागद पाहिला आणि सही केली नाही. म्हणाल्या, "भाच्यांनी पाठवलं का तुमाले?" नाही म्हटल्यावर जरा मोकळ्या झाल्या. मग वाड्याचा कोपरा न् कोपरा सांगू लागल्या. कुठं जातं होतं, कुठं बाळंतिणीची खोली. आणि मध्येच, "ओसरीत डाव्या हाताच्या तिसऱ्या खांबापाशी पेव आहे, तिथं पाय नका ठेवू बरं. आमची धाकटी पडली होती त्यात."

गावी येऊन पहारीनं ठोकलं. पोकळ. माझ्या कागदावरच्या नकाशात नेमकं तिथंच पोरींचं टेबल होतं.

सातव्याला आत्याबाईंनी फोन लावला, माझ्यासमोरच. पहिल्या रिंगला उचलला. काय बोलणं झालं ते मला ऐकू दिलं नाही. सही कोणाचीच झालेली नाही अजून, बाई म्हणतात, आधी मला वाडा दाखवा. दिवाळीनंतर गाडी करून आणणार आहोत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा की नाही, ते त्यावर ठरेल. किल्लीसाठी पेनगंगाकाठ म्हणतात तसं नाव लिहिलं आहे, भरतीच्या तयारीतल्याच एका पोरीचं. तिची भरती झाली तर दुसरं नाव शोधू.

कवेलू दादा, पेवाच्या तोंडावर सध्या बाज आडवी टाकून ठेवली आहे. दगडानं भरायचं की मुरमानं?

कवेलू

मुरूम. दगड टाकले की मधी पोकळ्या राहतात. थोडा थोडा टाका, पाणी मारा, धुम्मसानं ठोका, मग पुढचा थर. तोंड उघडून एक दिवस तसंच राहू द्या, आतली हवा कोंडलेली असते. कंदील दोरीनं सोडून पाहा, विझेल. म्हणून कोणी कितीही म्हटलं तरी आत माणूस उतरवायचा नाही, वरूनच भरायचं. आणि आत्याबाई यायच्या आधी भरू नका, त्यांना पाहायचं असेल.